आजाऱ्याला भेटायला जाताना कोणतं फूल न्यायचं?



आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे आपल्या पिशवीत काय असतं? बिस्किटाचा पुडा, दोन मोसंबी, फार तर एक शहाळं. फुलं म्हणजे देवाला, नवरीला, नाहीतर पुढाऱ्याच्या सत्काराला. पण आमच्या गटांनी एक रीत पाडली आहे. गटातली बाई दवाखान्यातून घरी आली की चार-पाच जणींनी मिळून जायचं आणि खाऊबरोबर थोडी फुलंही न्यायची. परसात असतातच, पैसे पडत नाहीत. त्यात आम्ही बऱ्याच चुकाही केल्या. त्या आज सांगतो, म्हणजे तुम्हाला करायला लागायच्या नाहीत.

पहिली चूक सगळ्यात मोठी. आमच्या एका ताईंची किमो चालू होती. आम्ही हौसेने बाजारातून निशिगंधाची जुडी नेली, वर सोनचाफ्याची फुलं खोचली. खोली लहान, खिडकी एक. पाच मिनिटांत ताईंना मळमळलं आणि उलटी झाली. वर त्या बिचाऱ्या आमचीच समजूत काढत राहिल्या. निघताना त्यांची सून ओसरीवर हळूच म्हणाली, "काकू, डॉक्टरांनी घरात ताजी फुलं ठेवू नका म्हणून सांगितलंय."

आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. किमोमध्ये अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि रोगाशी लढायची ताकद उतरते. फुलं ठेवलेल्या पाण्यात जंतू वाढतात, कुंडीतल्या मातीत बुरशी असते. धडधाकट माणसाला त्याचं काही होत नाही, पण अशा आजाऱ्याला तेवढंही बाधू शकतं. शिवाय त्या दिवसांत वास सहन होत नाही, मग तो फोडणीचा असो की चाफ्याचा. म्हणून किमो चालू असेल किंवा किडनी बदलण्यासारखं मोठं ऑपरेशन झालं असेल, तर फूलही नको आणि कुंडीही नको. आता आम्ही अशा घरी गेलो की तिच्या अंगणातल्या झाडांना पाणी घालून येतो. आपली जास्वंद सुकली नाही, हे तिला खिडकीतून दिसतं.

दमेकऱ्याच्या घरी वासाची फुलं टाळायचीच. निशिगंध, रातराणी, केवडा नको. शेवंतीही विचारूनच न्यावी, कारण ती गाजर गवताच्या घराण्यातली आहे. ज्यांना गाजर गवताने अंगाला खाज सुटते, त्यांच्यातल्या काहींना शेवंतीही सोसत नाही. मग काय न्यायचं? अबोली आहे ना! वास नाही, रंग डोळ्याला गार आणि लवकर कोमेजत नाही. बिनवासाचा गुलाबही चालतो, काटे मात्र काढून.

ऑपरेशन होऊन घरी आलेल्या बाईला मोठा गुच्छ देऊ नये. तिला टाके असतात, उचलाठेव बंद असते, आणि तो गुच्छ ठेवायला घरात जागा तरी कुठे असते? ओंजळभर फुलं पुरेत, आणि भांडंही आपणच न्यावं. आम्ही स्टीलचा पेला नेतो. देठ तिरके कापायचे, पाण्यात बुडतील ती पानं काढून टाकायची, म्हणजे पाणी लवकर कुजत नाही. बाजारातल्या फुलांवर फवारणी झालेली असते, ती आधी धुऊन घ्यावीत. पेला उशाशी नको, पडल्या पडल्या नजर जाईल अशा फळीवर ठेवावा. आणि हार कधीच नेऊ नये. गळ्यात घालायचा हार हातात धरून आजाऱ्याच्या दारात उभं राहिलं तर घरच्यांच्या मनात काय येईल, ते तुम्हीच बघा.

पाण्याची एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. डेंग्यूतून उठलेल्या बाईच्या घरात आपणच त्याची सोय करून यायचं का? पाणी रोज बदलायचं, भांडं आतून घासायचं, कारण अंडी कडेला चिकटून बसतात. हे काम घरातल्या एखाद्या मुलीकडे किंवा मुलाकडे सोपवून यायचं. मुलाकडे सोपवलं तर आम्हाला जास्त आनंद.

कण्हेर मात्र कुणीच नेऊ नका, लाल नाही, पांढरी नाही, पिवळी तर नाहीच. देवाला चालते म्हणून घरात चालत नाही. तिचं पान, फूल, बी, सगळं विषारी असतं आणि घरात रांगती पोरं असतात, दारात शेळी असते.

आता जरा अवघड गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या मावशी मांडीचं हाड मोडून दोन महिने खाटेवर होत्या. मोगरा ऐन बहरात होता. तरी निघताना आमच्यातली एक म्हणाली, "त्यांना कशी फुलं न्यायची?" मावशींचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती. आम्ही गप्प झालो. बचत, कर्ज, ग्रामसभा, सगळीकडे पुढे असणाऱ्या आम्ही, आणि मोगऱ्याच्या चार कळ्यांपाशी अडलो! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर गावांनी तसं करावं म्हणून सांगितलं. आम्ही तो ठराव बैठकीत मोठ्याने वाचलाही होता. वाचणं सोपं होतं.

शेवटी नेला मोगरा. गजरा करायचा धीर झाला नाही, वाटीभर कळ्या पाण्यात टाकून नेल्या. मावशींच्या जाऊबाईंचं तोंड वाकडं झालं, चहा जरा उशिराच आला. मावशी काही बोलल्या नाहीत. वाटी मात्र त्यांनी जवळ ओढून घेतली आणि आम्ही उठेपर्यंत हात वाटीवरच होता.

आठ दिवसांनी निरोप आला, "मोगऱ्याने माझं डोकं चढतं. पुढल्या खेपेला अबोली आणा, आणि ओवून आणा."