कर्नलच्या अंताचा पुरावा: काही रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिनक्सचे कर्नल 'पॅनिक' होऊन कोसळले म्हणजे मरता मरता तेच आपली स्मृती डिस्कवर लिहून ठेवते, असा समज पुष्कळ जाणत्या व्यवस्थापकांचाही असतो; आणि आभासी यंत्रांवरील कित्येक तपास पुराव्याअभावी निष्फळ ठरतात, त्याचे मूळ बहुधा याच समजात सापडते. ज्या कर्नलची अंतर्रचनाच भ्रष्ट झाली, त्याच्या हातून डिस्कवर काही लिहवून घेणे म्हणजे सुस्थितीतील विदाही धोक्यात घालणे होय. म्हणून 2005 साली 2.6.13 या आवृत्तीत आलेल्या केएक्झेक आणि केडम्प यांच्या योजनेत, आरंभीच राखून ठेवलेल्या स्मृतीच्या एका भागात दुसरे लहान कर्नल सज्ज असते, आणि पहिले कोसळताच यंत्र नव्याने सुरू न होता सर्व अधिकार थेट त्याच्याकडे जातो. मृत कर्नलची स्मृती त्याला एका फाइलच्या रूपाने दिसते. तिच्यातील निरुपयोगी पृष्ठे गाळून उरलेला भाग ते दप्तरी दाखल करते.

तेव्हा केडम्पची सेवा चालू दिसते एवढ्यावर समाधान मानणे योग्य नव्हे. राखीव स्मृतीची मागणी 'क्रॅशकर्नल' या पॅरामीटरने बूट होतानाच करावी लागते. चालत्या यंत्रात ती घटवता येते, वाढवता येत नाही. शिवाय यंत्र एका हायपरव्हायझरवरून दुसऱ्यावर हलवले आणि दुसऱ्या कर्नलच्या आरंभिक प्रतिमेत नव्या डिस्कचा ड्रायव्हर नसला, तर डम्प लिहायला जागाच मिळत नाही. सवडीच्या वेळी, रीतसर परवानगी घेऊन, 'सिसआरक्यू'च्या 'सी' या हुकुमाने कर्नल मुद्दाम कोसळवून पाहिल्याखेरीज या व्यवस्थेची खात्री देता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

याहून घातक गोष्ट अशी की, यंत्र प्रतिसाद देत नाही असे पाहून ते तत्काळ पुन्हा सुरू करणारी यजमानाकडील देखरेख-व्यवस्था, डम्प निम्मा लिहून होतो न होतो तोच यंत्राला रीसेट देते. मोठ्या स्मृतीच्या यंत्रात डम्पला कित्येक मिनिटे लागू शकतात. त्या मुदतीपुरती सवलत आधीच ठरवून ठेवली नाही, तर सेवा परत उभी राहते, परंतु कारण कायमचे नष्ट होते.

यजमानाकडूनच स्मृती काढून घेता येते, मग आतल्या केडम्पची गरज काय, असाही युक्तिवाद केला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. केव्हीएमवर 'विर्श डम्प' हा हुकूम 'मेमरी-ओन्ली' या पर्यायासह दिल्यास, पॅनिकपर्यंत न पोहोचता निव्वळ गोठून बसलेल्या यंत्राचीही स्मृती हाती येते. तेथे केडम्प स्वतःहून जागाच होत नाही. मात्र आतल्या केडम्पप्रमाणे पृष्ठांची निवड येथे होत नाही, आणि कर्नलचा पत्ता प्रत्येक बूटला बदलणारी केएएसएलआर योजना चालू असल्यास, 'व्हीएमकोरइन्फो'ची जोड दिलेली नसताना त्या साठ्याचा अर्थ लावणे दुष्कर होते. दोन्ही मार्ग परस्परपूरक आहेत.

'सॉफ्ट लॉकअप' ही नोंद दिसली की कर्नलमध्ये दोष आहे, हा निष्कर्षही घाईचा. सामान्यतः सुमारे 20 सेकंद प्रोसेसर अडकून राहिला तर ही नोंद होते. परंतु आभासी प्रोसेसर म्हणजे यजमानाने वाटून दिलेला वेळ, आणि यजमानावर भार असला किंवा स्नॅपशॉटसाठी यंत्र थांबवले गेले, तर निर्दोष कर्नलवरही हा ठपका येतो. म्हणून आभासी यंत्रात लॉकअपवर पॅनिक घडवण्याचा पर्याय विचाराशिवाय चालू करू नये, आणि अशा प्रसंगी 'स्टील' वेळेचे आकडे व यजमानाच्या नोंदी डम्पच्या आधी पाहाव्यात.

वाचनाची बाब थोडक्यात सांगता येते: 'क्रॅश' या साधनाला त्याच कर्नल-आवृत्तीची डीबग माहिती लागते, जवळपासची चालत नाही, आणि माग काढताना सर्वांत वर दिसणारे फंक्शन अपराधी असतेच असे नाही, कारण दुसऱ्याच एखाद्या मॉड्यूलने स्मृती बिघडवली आणि तिला पहिला स्पर्श याचा झाला, असेही घडते. डम्प दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी हेही ध्यानात असावे की, वापरकर्त्यांची पृष्ठे गाळली तरी कर्नलच्या स्मृतीत गुप्त किल्ल्या आणि नेटवर्कवरील मजकुराचे अंश उरू शकतात. तो साठा गोपनीय कागदांच्या तोडीने सांभाळला पाहिजे.