जुन्या वास्तू, नवे कार्यक्रम (भाग ५) : घुमणारं सभागृह

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या दीक्षान्त सभागृहासारखी जागा कार्यक्रमाला मिळाली की आयोजकांचा जीव सजावटीत अडकतो. १८७४ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिली. तिचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत कधी पाऊलही ठेवलं नाही. बारा राशींची चित्रं असलेली तिथली रंगीत काचेची गोल खिडकी पाहिल्यावर फुलांच्या कमानी हव्यातच कशाला, असं मला वाटतं. पण तो वाद आज नको. भिंतीला खिळा न ठोकता मंच कसा उभारावा, हे मागच्या भागात पाहिलं. आजचा विषय आवाज.

दगड, काच आणि फरशी आवाज फारसा शोषत नाहीत, परत फेकतात. त्यात छत उंच असलं की एक शब्द विरायच्या आत पुढचे तीन-चार त्यावर येऊन आदळतात.

या घोळाचं गणित मांडलं गेलं तेही एका विद्यापीठातच. १८९५ मध्ये हार्वर्डच्या नव्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कळेना. एक आवाज विरायला साडेपाच सेकंद लागत होते. दुरुस्तीचं काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. त्याने जवळच्याच सँडर्स थिएटरमधल्या बाकांवरच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या मांडत गेला, ऑर्गनचा स्वर काढून तो किती वेळ ऐकू येतो हे घड्याळ लावून मोजलं आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या जागेवर पोचवल्या. यातून सूत्र निघालं : जागेचं घनफळ जितकं जास्त तितका आवाज जास्त वेळ रेंगाळतो आणि शोषणारं साहित्य जितकं जास्त तितका लवकर विरतो. आणखी एक गोष्ट त्याला आढळली. एक माणूस साधारण सहा गाद्यांइतका आवाज शोषतो.

म्हणजे श्रोते हीच सर्वांत स्वस्त ध्वनिव्यवस्था. दुपारी रिकाम्या सभागृहात केलेली माइकची चाचणी संध्याकाळी भरलेल्या सभागृहात लागू पडत नाही, ती यामुळेच. उलट आठशे खुर्च्यांच्या जागेत दीडशे माणसं आली, तर सगळ्यांना पुढे बसवावं.

मागून कुणीतरी ‘ऐकू येत नाही’ असं ओरडतं आणि ध्वनियंत्रणावाला आवाज वाढवतो. इथेच फसगत होते. आवाज वाढला की घुमणंही तेवढंच वाढतं. मंचावर दोन अजस्र भोंगे ठेवण्याऐवजी लहान स्पीकर श्रोत्यांजवळ, कानाच्या जरा वर, त्यांच्याकडे तोंड करून लावावेत. वक्त्याने सावकाश बोलावं. सूत्रसंचालकांनीही. समूहगान, ऑर्गन, व्हायोलिन यांना मात्र दीड-दोन सेकंदांचा घुमार शोभतो. परिसंवाद, कविसंमेलन किंवा द्रुत तबल्याला एका सेकंदाच्या आसपासच्याच जागा हव्यात.

भिंतींवर शोषक फलक चिकटवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वारसा इमारतीत परवानगीशिवाय असं काही करता येत नाही आणि गोंदाने दगडाची हानी होते ती वेगळीच. जाड पडदे सुट्या चौकटींवर लावा, फरशीवर सतरंज्या अंथरा. कार्यक्रम संपला की उचलता येतात.

आगाऊ रक्कम भरण्याआधी एकदा रिकाम्या सभागृहात जा, मधोमध उभे राहा आणि जोरात टाळी वाजवा. ती दोन सेकंदांहून जास्त रेंगाळली, तर तिथे गाणं ठेवा आणि भाषणांसाठी दुसरी जागा शोधा.