‘व्यक्ती’ या शब्दाचं वजन : मानवी हक्क कायद्याचा पदव्युत्तर अभ्यास



मागच्या व्याख्यानानंतर बदलापूरची एक एलएल.बी. झालेली मुलगी आम्हाला भेटली. एलएल.एम.ला मानवी हक्क हा विषय घ्यायचा तिचा विचार आहे, पण वडिलांनी विचारलं, “म्हणजे तू आता गुन्हेगारांची वकिली करणार?” आज आपण याच प्रश्नापासून सुरुवात करू. प्रश्न पोकळ नाही, बरं का. त्यामागे २० ऑगस्ट २०२४चा दिवस आहे.

शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं कळल्यावर त्या दिवशी लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले. गाड्या कित्येक तास बंद होत्या. पोलिसांच्या दिरंगाईवर उच्च न्यायालयानेही नंतर ताशेरे ओढले. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत, त्यांच्याच गोळीने मरण पावला. त्याने शस्त्र हिसकावून गोळीबार केला, असं पोलिसांचं म्हणणं. जानेवारी २०२५मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयापुढे आला, त्यात पाच पोलिसांना जबाबदार धरलं होतं. अहवाल म्हणजे निकाल नव्हे, हेही लक्षात ठेवायचं.

आता अभ्यासाकडे येऊ. एलएल.बी.ला आपण कलम काय सांगतं ते शिकतो. पदव्युत्तर पातळीवर, ते कलम तसंच का लिहिलं, असा प्रश्न करायचा असतो. संविधानाचं कलम १९ उघडा. भाषणस्वातंत्र्य तिथे ‘नागरिकांना’ दिलेलं आहे. कलम २१ मात्र म्हणतं की कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीशिवाय कोणत्याही ‘व्यक्तीचं’ जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. नागरिक नव्हे, सज्जन नव्हे, व्यक्ती. या एका शब्दावर सहा महिने अभ्यास करता येईल.

त्याचं मोल कळायला लांब जायला नको. उल्हासनगर म्हणजे लष्कराची कल्याण छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबं तिथल्या बराकींत राहिली. १९४९मध्ये गावाला आजचं नाव मिळालं. त्याच सुमारास, १० डिसेंबर १९४८ला, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल अशी शब्दयोजना होती; ती बदलून ‘सर्व मानव’ करून घेतली हंसा मेहता यांनी. बराकीतल्या माणसाचं नागरिकत्व कागदावर यायचं होतं, पण त्याचं माणूसपण कागदाची वाट पाहत नव्हतं. हक्क माणूसपणाला चिकटलेला असतो तो असा.

कांट हा जर्मन तत्त्वज्ञ सांगतो की वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा. किंमत वागणुकीप्रमाणे कमी-जास्त होते. प्रतिष्ठा होत नाही. अपराध्याला शिक्षा द्यायचीच, पण ती माणूस म्हणून, अपराध सिद्ध करून.

इथे वडील म्हणतील, “आणि त्या मुलींचे हक्क?” बरोबर. तोच तर मुद्दा आहे. पोक्सो कायदा २०१२चा. बालकाचा जबाब कसा घ्यावा, गुन्ह्याची माहिती कळूनही दडवणाऱ्याला काय शिक्षा, हे सगळं त्यात आहे. हेही मानवी हक्कच. आणि बघा, आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला संपतो. मुलींवर काय झालं, कुणी केलं, हे न्यायालयाने पुराव्यानिशी सांगायचं राहून जातं. म्हणजे कोठडीतल्या मृत्यूने आरोपीचा जीव जातो आणि पीडितेचा निकालही जातो. २०१४मध्ये पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चकमकीतील मृत्यूंच्या तपासासाठी सोळा सूचना घालून दिल्या. त्या वाचताना हे मनात ठेवा.

प्रवेश घेणाऱ्यांनी आधी तीन गोष्टी वाचाव्यात : जाहीरनाम्याची तीस कलमं, संविधानाचा तिसरा भाग आणि हा निकाल. प्रबंधाला विषय दारातच आहेत. अंबरनाथहून उल्हासनगरकडे वाहणारी वालधुनी घ्या. स्वच्छ पाणी आणि हवा कलम २१मध्येच येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्येच सांगितलं आहे.

त्या मुलीला आम्ही म्हटलं, वडिलांशी वाद घालू नकोस. त्यांना एवढंच विचार : उद्या आपल्याच घरातल्या कुणाला चुकून पकडलं, तर त्याला कोणता कायदा वाचवेल?

पुढच्या वेळी याच धाग्याने ‘शिक्षा आणि सूड’ याविषयी बोलू.