माळ्यावरच्या रेकॉर्ड्स साउंडबारवर वाजतील? सुई टेकवण्याआधी हे वाचा!

समजा, गणपतीला खारेपाटणच्या घरी साफसफाई निघाली आणि माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या रेकॉर्ड्स सापडल्या. जुना फोनो कधीच मोडीत गेलाय, घरात आता साउंडबार आणि ब्लूटूथ स्पीकर आहे. मग एक टर्नटेबल मागवला, वायर जोडली की झालं? नाही, मंडळी!

आवाज बारीक का येतो?

टर्नटेबलच्या सुईमागे असतं ते कार्ट्रिज. त्यातून साधारण 3 ते 5 मिलिव्होल्टचाच सिग्नल निघतो. साउंडबारच्या ऑक्स इनपुटला याच्या शंभरेक पट लागतो. शिवाय एलपी बनवतानाच खर्जातला आवाज मुद्दाम कमी आणि वरचा आवाज जास्त केलेला असतो. खर्जाने खाच रुंद होते, ती तशीच ठेवली तर रेकॉर्डवर कमी गाणी बसतील. वरचा आवाज वाढवल्याने खरखर दबते. याचं प्रमाण 1954 मध्ये ठरलं, त्याला 'आरआयएए कर्व्ह' म्हणतात. वाजवताना हे सगळं उलटं करून सिग्नल मोठा करायचं काम फोनो प्रीअँप करतो.

जोडायचं कसं?

आधी टर्नटेबल, मग प्रीअँप, मग ऑक्स. बऱ्याच नव्या टर्नटेबलमध्ये प्रीअँप आतच असतो. मागचं बटण 'लाइन'वर ठेवलं की तो चालू होतो. मात्र त्यापुढे आणखी एक प्रीअँप लावू नका, आवाज फाटतो. स्पीकरला वायरची जागाच नसेल, तर ब्लूटूथवाला टर्नटेबल घ्या. आणि स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नका. त्याची थरथर सुईपर्यंत पोचते आणि घुमल्यासारखा आवाज येतो.

खरा धोका इथे आहे

रेकॉर्डच्या लेबलवर 78 लिहिलंय का बघा. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांची नाट्यपदं मूळ 78 वरच निघाली होती. या तबकड्यांची खाच एलपीपेक्षा जवळपास तिप्पट रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते. गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते आणि सुईही खराब होते. त्यामुळे 78 चा वेग असलेला टर्नटेबल आणि 78 ची वेगळी सुई, दोन्ही हवं.

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे बुरशी आलीच. ती स्पिरिटने पुसायचा मोह टाळा! 78 च्या तबकड्या बहुतेक लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. खाच गेली की गाणंही गेलं. मऊ ब्रशने धूळ झाडा, डाग राहिलाच तर किंचित ओलसर कापडाने पुसा आणि लगेच कोरडं करा. लेबल भिजू देऊ नका. नंतर तबकड्या उभ्या ठेवा. लाखेची तबकडी हातातून पडली तर काचेसारखी फुटते.

एकदा नीट वाजली की यूएसबीवाल्या टर्नटेबलवरून लॅपटॉपवर रेकॉर्ड करून घ्या. मग आजोबांचं आवडतं पद घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही ऐकता येईल आणि तबकडी पुन्हा पुन्हा झिजवावी लागणार नाही.