आठवड्याचा एक नवा पदार्थ

“आज जेवायला काय करायचे?” हा प्रश्न घरोघरी रोज विचारला जातो आणि बहुतेक घरांत त्याचे उत्तरही रोज तेच असते. ज्या घरात आईला सकाळी कामावर जायचे असते, तेथे तर प्रश्न विचारायलाही सवड नसते. कालचा भात, कालचेच कालवण. वाचकहो, हा प्रश्न केवळ जिभेचा असता, तर वार्षिकाची पाने मी त्यावर खर्ची घातली नसती. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या आपल्या पट्ट्यात तो लहान मुलांच्या वजनाचा प्रश्न आहे. 1992 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राला हादरा दिला होता. त्यानंतर बरेच काही बदलले. पण अंगणवाडीतील वजनाच्या तक्त्यावरची रेषा खाली घसरली की आईच्या पोटात गोळा येतो, ते मात्र अजून तसेच आहे.

आमचे घर डहाणू तालुक्यातील रानशेत गावी. वडील खलाशी म्हणून गुजरातच्या बंदरांत बोटीवर जातात आणि पावसाळ्यापुरते घरी असतात. आई चिकूच्या वाडीत कामाला जाते. पुरुष बेडणीने फळ उतरवतात, बायका ते धुऊन, निवडून प्रतवारी लावतात. दिवेलागणीला ती परतते. धाकटा भाऊ तीन वर्षांचा. ताटातला भात चिवडून उठणारा. त्याचे वजन वाढेना, तेव्हा आईने एक नेम धरला : आठवड्याला एक नवा पदार्थ. बाजारच्या दुसऱ्या दिवशी तो रांधायचा. या नेमाला वर्ष होऊन गेले. त्यामागे जे शास्त्र आहे, ते ग्रंथालयातील पुस्तके चाळताना मला उमगत गेले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आईचा पहिला दंडक असा, की सगळे ताट नवे करायचे नाही. भात नेहमीचा, बाजूला नवा पदार्थ लिंबाएवढा. मुलाने तो सारला, तर रागवायचे नाही. पुढे पुन्हा वाढायचा. आहारशास्त्रही हेच सांगते. लहान मुलाला अनोळखी चव आपलीशी वाटायला ती आठ-दहा वेळा तरी चाखावी लागते. आपण दोनदा वाढतो आणि “याला आवडत नाही” असा निकाल देऊन मोकळे होतो.

दुसरा दंडक वेळेचा. चूल पेटण्यापूर्वीचे काम रात्री उरकायचे. नागली, म्हणजे नाचणी, रात्री भिजत घालायची, दुसऱ्या रात्री उपसून फडक्यात बांधायची. मोड आले की उन्हात वाळवून, जरा भाजून दळायची. या मोडांत मोठीच किमया आहे. नाचणीत कॅल्शियम विपुल, शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम. पण धान्यातील फायटिक आम्ल ते शरीराला पुरते मिळू देत नाही. मोड आले की हे आम्ल कमी होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मोड येताना धान्यात पिष्ट फोडणारे एक विकर तयार होते, त्यामुळे अशा पिठाची पेज घट्ट न होता पातळ राहते. साध्या पिठाची पेज दाट होते म्हणून आपण पाणी वाढवतो. मुलाचे इवलेसे पोट पाण्यानेच भरते. मोडाच्या पिठात तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते. पोट तेवढेच, पोषण अधिक!

तिसरा दंडक : जे हंगामात आणि हाताशी आहे, त्यातूनच नवे शोधायचे. आमच्या गावाच्या नावात रान आहे आणि शेतही. आईची कोठी म्हणजे हीच दोन. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले गळतात. ती वाळवून, भाजून, तिळाबरोबर कुटली की गूळ न घालता लाडू वळतात, कारण फुलातच साखर भरपूर. पहिल्या पावसाला टाकळा आणि शेवळे येतात. शेवळे तसेच शिजवले तर घसा खवखवतो. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकतात आणि काकड नावाच्या रानफळाचा आंबटपणा घालून भाजी चांगली शिजवतात. ही युक्ती प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी रानात जाणाऱ्या बायकांनी शोधली. पुढे कंटोळी, कुर्डू; आणि शेवग्याचा पाला तर दारातच. सुका जवळा आणि शेवग्याचा पाला नाचणीच्या पिठात मळून केलेल्या वड्या हा आईचा सर्वांत यशस्वी प्रयोग. पिकलेल्या चिकूच्या फोडी वाळवून त्यांची भुकटी आंबिलीत घालणे हा दुसरा. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची फळे देशभर जातात. ती निवडणाऱ्या हातांच्या घरी त्यांचा एखादा पदार्थ झाला, तर त्यात वावगे काय?

पुस्तकाचाही उपयोग झाला. आईला वाचता येत नाही. कमलाबाई ओगले यांचे 1970 सालचे ‘रुचिरा’ मी तिला वाचून दाखवते. स्वतः चौथीपर्यंतच शिकलेल्या या बाईंनी सगळी मापे वाटी-चमच्यात दिली. ग्रॅम आणि औंस असते, तर आमच्या चुलीपाशी ते पुस्तक मुकेच राहिले असते. आई वाटीचे प्रमाण तेवढे उचलते आणि रव्याच्या जागी नाचणी, खोबऱ्याच्या जागी खुरासणी घालते.

एकट्या आईने हे साधले, असे मात्र मी म्हणणार नाही. 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, 1957 साली ते आपल्याच तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर आले आणि अनुताई वाघ यांनी ते 1992 पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, वाहिले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. 1975 साली देशात एकात्मिक बालविकास योजना आली, तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव पडले. पुढे 2015 साली आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना आली; नंतर मुलांना अंडी किंवा केळीही मिळू लागली. भावाचे वजन आता हळूहळू वर सरकते आहे. त्यात अंगणवाडीच्या अंड्याचा वाटा किती आणि घरच्या वडीचा किती, हे कोणत्या तराजूने मोजणार?

एक धोका मात्र दिसतो. दुकानात पाच रुपयांना कुरकुरीत पाकीट मिळते. दमून आलेल्या आईला ते सोयीचे आणि मुलालाही गोड. त्या पाकिटाला दोष देऊन भागणार नाही. आईच्या दमणुकीचा वाटा कोणी उचलतो का, हे पाहिले पाहिजे. आमच्या घरी नागली उपसणे आणि पाला निवडणे हे काम आता माझे आहे. पावसाळ्यात वडील जवळा साफ करतात.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण दरडोई उत्पन्न शिकतो, समाजशास्त्राच्या तासाला कुटुंबसंस्था. या दोहोंचा संगम पाहायचा असेल, तर आपापल्या स्वयंपाकघरात डोकवावे. आजीला माहीत असलेल्या दहा रानभाज्यांची नावे, हंगाम आणि रांधण्याची रीत प्रत्येकाने वहीत उतरवून घेतली, तरी एक मोठे काम होईल. आई म्हणते, पोराने खाल्ले तरच रांधले म्हणायचे. आपल्या शिक्षणालाही हीच कसोटी लावायला हरकत नाही.