सुभेदारांची शिस्त

डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत हेडमास्तरही. शिस्त घरातही तीच. परळच्या चाळीतल्या एकाच खोलीत मुलगा भीमराव लवकर झोपायचा. वडील मात्र रात्री दोनपर्यंत जागून त्याला अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः आडवे होत.

इंग्रजी आणि भाषांतर ते जातीने घोटून घेत. पुस्तक हवं म्हटलं की खिशात पैसे नसले तरी निघायचे ते थेट लग्न झालेल्या मुलींकडे. उसने मिळाले नाहीत, तर लेकीचा एखादा दागिना मागून गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत करायचे. कडक बापाने मुलीपुढे हात पसरणं सोपं नसतं!

गोदामांत रात्रपाळी करून मुलांची फी भरणाऱ्या बापांना हे वेगळं सांगायला नको.

2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजी गेले. मुलाची परदेशातली एकही पदवी त्यांनी पाहिली नाही. 1923 साली लंडनमध्ये डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ निघाला. आपल्या शिक्षणासाठी आईवडिलांनी केलेल्या त्यागाबद्दल कृतज्ञता म्हणून त्यांनी तो त्यांच्याच स्मृतीला अर्पण केला.