‘फर्स्ट कॉपी’ सांगून विकली, तरी गुन्हाच

‘फर्स्ट कॉपी, डिट्टो ओरिजिनल, कॅश ऑन डिलिव्हरी.’ मोबाइलवर फिरणाऱ्या अशा जाहिरातींना कळंबसारख्या तालुक्याच्या गावातही गिऱ्हाईक मिळतं. नामांकित कंपनीचं चिन्ह मिरवणारं घड्याळ मूळ किमतीच्या लहानशा हिश्श्यात घरपोच येतं. विक्रेत्याचा युक्तिवाद ठरलेला असतो: नक्कल आहे हे आधीच सांगितलं, मग फसवणूक कसली?

व्यापारचिन्ह कायद्याला हा युक्तिवाद मान्य नाही. १९९९ च्या या कायद्यातल्या कलम १०४ नुसार खोटं चिन्ह लावलेला माल विकणं हा गुन्हा आहे. त्याला साधारणपणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होतो. पुरेशी काळजी घेऊनही अजाणतेपणी असा माल विकला गेला, हे सिद्ध करणाऱ्याला त्यात सवलत आहे. ‘फर्स्ट कॉपी’ असं स्वतःच जाहीर करणाऱ्याला मात्र ती मागता येत नाही.

वेबसाइटचं काय? लाल तळव्यांच्या बुटांसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रान्सच्या ख्रिश्चन लुबुटाँ कंपनीनं ‘दारवेज’ या वेबसाइटविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला होता. विक्रीत सक्रिय सहभाग घेणाऱ्या वेबसाइटला ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ म्हणून हात झटकता येणार नाहीत, असं न्यायालयानं नोव्हेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं.

बड्या विदेशी कंपनीचं थोडं नुकसान झालं तर बिघडलं कुठे, असं अनेकांना वाटतं. पण तोच न्याय पैठणीला लावून पाहावा. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. तरी यंत्रावर विणलेली साडी ‘अस्सल हातमागाची पैठणी’ म्हणून खपवली जाते, तेव्हा पैठण-येवल्याच्या विणकराची कित्येक दिवसांची मेहनत बाजारात स्वस्तातल्या नकलेपुढे हरते. दुसऱ्याच्या नावलौकिकावर पैसा कमावणं दोन्हीकडे सारखंच आहे.

स्वतःच्या वापरासाठी नकली वस्तू घेणाऱ्याला व्यापारचिन्ह कायदा शिक्षा करत नाही. ‘ओरिजिनल’ सांगून ज्याच्या गळ्यात नक्कल मारली गेली, त्याच्यासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. विक्रेता दिल्लीत असला, तरी कळंबच्या ग्राहकाला धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल आणि पैसे दिल्याचा पुरावा जपून ठेवावा. पहिली विचारपूस १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.